घरातली गाडी, घरातल्यांच्या हाती

कोकणातल्या कोणत्याही मुस्लिम मोहल्ल्यातून दुपारच्या वेळी चक्कर मारली, तर अंगणात नाहीतर पत्र्याच्या शेडखाली कव्हर घातलेली एखादी गाडी हमखास दिसते. म्हसळा, श्रीवर्धन, महाड, खेड, चिपळूण, रत्नागिरी, कुठेही जा, चित्र तेच. गाडी मुलाने घेतलेली असते, आखातातल्या पगारातून. तो सुट्टीवर आला की महिना-दीड महिना गाडी धावते. निकाह, वलीमा, नातेवाइकांच्या भेटी, अम्मीच्या डोळ्यांची तपासणी, सगळे त्या दिवसांत उरकून घेतले जाते. तो परत गेला की कव्हर पुन्हा चढते. पुढच्या सुट्टीपर्यंत बॅटरी उतरते, टायरमधली हवा कमी होते आणि उंदरांनी वायरी कुरतडल्या तर मिस्त्रीचा खर्च वेगळा.

घरात माणसे असतात. सून असते, लेक असते, साठीकडे झुकलेले अब्बा असतात. गाडी चालवणारे मात्र कोणी नसते. रात्री दोन वाजता दादीच्या छातीत दुखू लागले, की आधी शेजारच्या रिक्षावाल्याचे दार ठोठावायचे, तो भाड्याने गेला असेल तर पलीकडच्या वाडीतल्या ओळखीच्या माणसाला फोन करायचा. १०८ क्रमांकावर फोन केला तरी रुग्णवाहिकेला आतल्या गावापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. हा सगळा वेळ अंगणात गाडी उभीच असते. जी गोष्ट कोकणातल्या घरांची, तीच मराठवाड्यातल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची. कमावता माणूस मुंबई-पुण्याला किंवा परदेशात, आणि गाडी गावाला.

प्रत्येक घरात गाडी चालवणारी किमान दोन माणसे असावीत, आणि त्यांतली एक घरातली स्त्री असावी, असे आम्हाला वाटते. तिने शिकावे ते गिअरच्या गाडीवर. ते कसे शिकायचे, त्यात अवघड काय, सोपे काय आणि एकदा जमले की त्यात मजा कशी येते, याची ही माहिती.

गिअरचीच गाडी का?

आता बिनक्लचच्या ऑटोमॅटिक गाड्या मिळतात. २०१४ मध्ये आलेल्या मारुती सेलेरिओपासून तर छोट्या, परवडणाऱ्या गाड्यांतही ही सोय झाली. मग क्लचची कटकट कशाला, असे मुली विचारतात. प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या डाव्या गुडघ्याला त्रास आहे किंवा ज्यांना रोज मुंबईच्या वाहतुकीत तासभर अडकून राहायचे आहे, त्यांनी खुशाल ऑटोमॅटिक घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

पण अंगणात जी गाडी उभी आहे ती बहुधा गिअरची आहे. मामूंची, चाचांची, शेजाऱ्यांची गाडीही गिअरचीच. जुनी गाडी घ्यायला गेलात तर स्वस्तात मिळणारी गाडी बहुतेक वेळा तीच असते. आपल्याकडे चारचाकीच्या लायसन्समध्ये गिअरची आणि ऑटोमॅटिक असा भेद नाही. ऑटोमॅटिकवर शिकलेल्या माणसालाही तेच लायसन्स मिळते. पण कागदावर परवानगी असली तरी ऐन वेळी गिअरची गाडी समोर आली की हात थांबतात. ब्रिटनमध्ये आणि संयुक्त अरब अमिरातीत हा भेद कायद्यातच आहे. तिथे ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलेल्याला गिअरची गाडी चालवता येत नाही. उलट गिअरवर परीक्षा दिलेला माणूस दोन्ही चालवू शकतो. ज्यांच्या घरातली मुले-मुली नोकरीसाठी तिकडे जाणार आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. गिअरवर शिकलेल्याला ऑटोमॅटिक दोन दिवसांत जमते. उलटे होत नाही.

क्लच म्हणजे नेमके काय?

गाडी शिकवणारे बहुतेक लोक ‘क्लच दाब, गिअर टाक, हळू सोड’ एवढेच सांगतात. का, ते सांगत नाहीत. म्हणून शिकणाऱ्याचा गोंधळ होतो. कारण कळले की पाय आपोआप शहाणा होतो.

इंजिन सुरू झाले की ते फिरतच राहते. गाडी उभी असतानाही मिनिटाला सातशे-आठशे फेरे चालू असतात. चाके मात्र थांबलेली आहेत. फिरणारे इंजिन आणि थांबलेली चाके एकदम जोडली, तर दोनच गोष्टी होतील. गाडी झटका देऊन उडी मारेल, नाहीतर इंजिन बंद पडेल. हा झटका टाळण्यासाठी मध्ये क्लच ठेवलेला असतो.

दोन्ही हातांचे तळवे एकमेकांसमोर धरा. उजवा तळवा इंजिन, तो गोल फिरतो आहे असे समजा. डावा तळवा चाकांकडचा, तो स्थिर आहे. दोन्हींत अंतर असेपर्यंत डाव्यावर काही परिणाम होत नाही. आता उजवा तळवा फिरता ठेवून हळूहळू डाव्याला टेकवा. आधी नुसता घासेल, मग डावा थोडा ओढला जाईल, आणि पूर्ण दाबला की दोन्ही बरोबर फिरू लागतील. क्लचचे काम एवढेच. पेडल दाबले की तळवे सुटतात, पेडल सोडले की जुळतात. मधली जी घासण्याची अवस्था आहे, तिला आपले ड्रायव्हर ‘हाफ क्लच’ म्हणतात. गाडी शिकण्यातला निम्मा भाग हा हाफ क्लच पायाला ओळखता येणे, हाच आहे.

गिअरचे गणित ज्याने गिअरची सायकल चालवली आहे त्याला माहीत असते. चढावर सोपा गिअर घेतला की पाय जास्त मारावे लागतात, पण जोर कमी लागतो. सपाटीवर उलटे. गाडीचा पहिला गिअर जोराचा, कारण उभी गाडी हलवायला सगळ्यात जास्त ताकद लागते. पाचवा गिअर वेगाचा. तो जोर देत नाही, पण इंजिनाला कमी फेऱ्यांत गाडी पळवू देतो. म्हणून पाचव्यात गाडी उठत नाही आणि पहिल्यात पळत नाही.

पहिले चार दिवस

शिकायला मोकळे मैदान निवडावे. शाळेचे पटांगण सुट्टीच्या दिवशी परवानगी घेऊन वापरावे, किंवा भातकापणीनंतर कठीण झालेला शेताचा तुकडा पाहावा. वेळ फजरच्या नमाजनंतरची उत्तम. रस्ते रिकामे असतात, ऊन नसते आणि बघे नसतात. बघे नसणे ही फार मोठी सोय आहे.

बसल्यावर आधी सीट लावून घ्यावी. डाव्या पायाने क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय पूर्ण ताणला जात असेल तर सीट पुढे घ्या. उंची कमी असेल तर पाठीमागे घट्ट उशी घ्यावी. हात लांब केल्यावर मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. मग तिन्ही आरसे लावा आणि सीटबेल्ट बांधा.

पहिल्या दिवशी इंजिन बंद ठेवून फक्त गिअर टाकायचा सराव करावा. क्लच दाबून पहिला, न्यूट्रल, दुसरा, न्यूट्रल. डोळे समोर, हात गिअरवर. गिअरचा दांडा मुठीत आवळून ढकलायचा नसतो. तळवा त्याच्या डोक्यावर ठेवून, पहिल्या-दुसऱ्यासाठी आपल्यापासून दूर, डावीकडे दाब देत, तिसऱ्या-चौथ्यासाठी नुसता सरळ. न्यूट्रलमध्ये सोडला की दांडा स्वतःच मधोमध, तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत येऊन थांबतो. हे कळले की गिअर चुकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू करा, पहिला टाका, आणि अॅक्सिलेटरला अजिबात पाय लावू नका. फक्त क्लच सोडायचा, अगदी केसाएवढा. एका जागी आल्यावर इंजिनाचा आवाज जरा जड होतो, गाडी किंचित थरथरते आणि हलू लागते. तीच हाफ क्लचची जागा. तिथे पाय दोन सेकंद थांबवा, गाडी चालू लागली की बाकीचा क्लच सोडा. मग पुन्हा क्लच दाबा, ब्रेक लावा, थांबा. सपाट जमिनीवर बहुतेक गाड्या एवढ्यानेच चालू लागतात. हे वीस वेळा, तीस वेळा करा. कंटाळा येईल, पण याच तासाभरात पाय क्लच शिकतो.

गाडी बंद पडेल. सगळ्यांची पडते. क्लच दाबा, न्यूट्रल करा, पुन्हा सुरू करा. बाजूला बसलेल्याने यावर हसू नये आणि ओरडूही नये.

तिसऱ्या दिवशी दुसरा आणि तिसरा गिअर घ्यावा. कधी बदलायचा, ते गाडीचा आवाज सांगतो. इंजिन ओरडू लागले की वरचा गिअर मागते आहे. गाडी धक्के देत, कुंथत चालली असेल तर खालचा मागते आहे. छोट्या पेट्रोल गाडीचा सर्वसाधारण हिशेब असा: दहा-पंधराच्या वेगापर्यंत पहिला, पुढे तीसपर्यंत दुसरा, पंचेचाळीसपर्यंत तिसरा, साठपर्यंत चौथा आणि त्यापुढे पाचवा. पण काट्याकडे बघत बसू नका. कान लावा. चार-पाच दिवसांत काट्याची गरज उरत नाही.

चौथ्या दिवशी रिव्हर्स. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकायचा नाही. टाकताना कर्रकन आवाज आला तर जोर करू नका. बहुतेक गाड्यांत पुढच्या गिअरना जी सोय असते ती रिव्हर्सला नसते. क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा, हवे तर एकदा पहिला टाकून काढा, मग रिव्हर्स घ्या. आवाज येणार नाही. मागे जाताना मान वळवून बघा. अंगणात मुले खेळत असतील तर आधी उतरून गाडीच्या मागे पाहा. खाली बसलेले लहान मूल आरशात दिसत नाही.

चढावरची परीक्षा

कोकणात सपाट जमीन थोडी. मशिदीकडे जाणारा रस्ता चढाचा, बाजाराकडून येणारा रस्ता चढाचा. नव्या चालकाची खरी भीती हीच, की चढावर गाडी थांबली आणि मागे रिक्षा चिकटून उभी राहिली तर?

यावर हॅण्डब्रेकचा उपाय आहे. गाडी थांबली की हॅण्डब्रेक पूर्ण ओढा. आता दोन्ही पाय मोकळे. पहिला टाका, अॅक्सिलेटर थोडा देऊन इंजिनाचा आवाज चढवा आणि क्लच हळूहळू सोडा. हाफ क्लचच्या जागी आल्यावर आवाज उतरतो, गाडीचे नाक किंचित वर उचलल्यासारखे वाटते. गाडी पुढे ओढू लागली आहे, हॅण्डब्रेकने धरली आहे. आता हॅण्डब्रेक सोडा. गाडी एक इंचही मागे न येता पुढे जाईल. रिकाम्या चढावर हे पंधरा-वीस वेळा केले की भीती जाते.

चढावर गाडी हाफ क्लचवर धरून उभी ठेवण्याची सवय मात्र लावून घेऊ नये. मग तळवे घासतच राहतात, जळका वास येतो आणि क्लच प्लेट लवकर संपते. ती बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, म्हणजे मजुरीही मोठी. गाडी चालवताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवणे, हात सतत गिअरच्या दांड्यावर ठेवणे, या सवयीही गाडी झिजवतात.

घाट

गिअरच्या गाडीचे खरे मोल घाटात कळते. चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली, रत्नागिरीहून कोल्हापूरला आंबा, महाडहून भोरला वरंध, पोलादपूरहून महाबळेश्वरला आंबेनळी. कशेडीला आता बोगदा झाला, तरी कोकणातून देशावर जायचे तर कुठला ना कुठला घाट चढावाच लागतो.

जुने ड्रायव्हर एक नियम सांगत आले आहेत: ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलेटरवरचा पाय काढला की इंजिन स्वतः चाकांना धरून ठेवते. वेग वाढत नाही, ब्रेक अधूनमधूनच लागतो. याउलट चौथ्या-पाचव्यात उतरणारा माणूस सारखा ब्रेकवर पाय ठेवतो. ब्रेक तापतात, त्यांची पकड कमी होत जाते, ब्रेकचे तेल उकळले तर पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही.

पेट्रोल वाचवायचे म्हणून न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे लोक अजून भेटतात. हे दुहेरी अज्ञान आहे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजिनाला जाणारे इंधन जवळजवळ थांबते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते. म्हणजे पैसेही वाचत नाहीत. आणि उतारावर इंजिनच बंद केले तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो, स्टेअरिंग जड होते. घरातल्या मुलांना हे आवर्जून समजावून सांगावे.

अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हाही नियमच आहे. उतरणाऱ्याने थांबावे. चढणारा थांबला तर त्याला पुन्हा गाडी उचलावी लागते. वळणाच्या आधीच खालचा गिअर घ्यावा, वळणात घेऊ नये. आणि आंधळ्या वळणावर हॉर्न द्यावा.

उस्ताद आणि शागीर्द

आपल्या समाजाचे आणि गिअरचे नाते जुने आहे. मुंबईच्या टॅक्सी, मालाचे ट्रक, गावोगावची गॅरेजे, यांत आपल्या माणसांच्या पिढ्या गेल्या. तेव्हा ड्रायव्हिंग स्कूल कुठे होते? मुलगा ट्रकवर क्लीनर म्हणून लागायचा. गाडी धुणे, टायरवर हातोडी मारून हवा ओळखणे, रात्री मालाची राखण, मागे घेताना आवाज देणे, असे करत दिवस जायचे. एखाद्या रिकाम्या रस्त्यावर उस्ताद म्हणायचा, ‘बस इधर’, आणि त्या दिवशी स्टेअरिंग हाती यायचे.

त्या काळच्या जड गाड्यांचे गिअर आजच्यासारखे लोण्यात सुरी जावी तसे पडत नसत. ‘डबल क्लच’ मारावा लागे. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अॅक्सिलेटरचा एक हिसका, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. इंजिनाचे फेरे आणि गिअरचे फेरे कानाने जुळवायचे. जुळले नाहीत तर दात करकरायचे आणि उस्तादाचा हात पाठीत बसायचा. हे फेरे आपोआप जुळवणारी सिंक्रोमेश नावाची रचना अमेरिकेतल्या कॅडिलॅक कंपनीने १९२८ मध्ये मोटारीत आणली. पुढे ती सर्वत्र पसरली. आज आपण सहज गिअर बदलतो तो तिच्यामुळे.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीचा गिअर तर स्टेअरिंगच्या दांड्यालाच असे. पुढच्या सीटवर मध्ये काही अडथळा नसल्याने तिथे तिसरा माणूसही बसवला जाई. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आपल्यापैकी कितीतरी जणांचे आजोबा तो गिअर डाव्या हाताने वर-खाली करत घर चालवत होते. त्यानंतरची पिढी मारुती ८०० वर शिकली. ती १९८३ च्या डिसेंबरात आली आणि गिअर खाली, दोन सीटच्या मध्ये आला.

आखातातल्या भावांची गंमत वेगळीच. तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, स्टेअरिंग डावीकडे आणि गिअर उजव्या हाताला. सुट्टीवर आलेला भाऊ पहिल्या दिवशी गिअर शोधत दाराच्या हँडलला हात घालतो आणि वळताना इंडिकेटरऐवजी वायपर सुरू करतो. मागच्या सीटवरच्या बहिणींना तेवढेच हसू.

शिकवणार कोण?

नवऱ्याने बायकोला गाडी शिकवावी की नाही, यावर घरोघरी एकच अनुभव ऐकू येतो. तिसऱ्या दिवशी भांडण होते. त्याला गाडीची काळजी, तिला त्याच्या आवाजाचा ताप. शिवाय त्याच्या बाजूला ब्रेक नसतो, म्हणून तो ओरडतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही पेडल असतात. तो शांत राहू शकतो. म्हणून सुरुवातीचे धडे तिथे घ्यावेत आणि नंतरचा सराव भाऊ, अब्बा किंवा नवऱ्याबरोबर करावा, हे उत्तम.

परक्या पुरुषाबरोबर एकटीने गाडीत बसणे अनेक घरांना पटत नाही. ती भावना समजण्यासारखी आहे, पण तिथेच विषय संपवू नये. शहरांत काही ठिकाणी स्त्री प्रशिक्षक मिळतात. त्या नसतील तर नणंद-भावजय किंवा दोघी मैत्रिणींनी एकाच वेळेचा वर्ग घ्यावा. एक चालवते, दुसरी मागे बसते. मागे बसलेली नुसते बघूनही बरेच शिकते.

बायकांनी गाडी चालवणे आपल्या रीतीत बसते का, असे विचारणारे अजून आहेत. सौदी अरबमध्ये २४ जून २०१८ पासून स्त्रिया गाडी चालवतात. त्याआधीही बाकीच्या मुस्लिम देशांत चालवतच होत्या. आणि त्याहून जुनी गोष्ट म्हणजे, उंटावर स्वार होणाऱ्या कुरैश स्त्रियांची तारीफ हदीसमध्ये आली आहे. म्हणजे स्त्रियांनी सवारी करणे तेव्हाही नवे नव्हते.

पेहरावाची थोडी काळजी मात्र घ्यावी. बुरख्याचा घेर पायात येऊन पेडलखाली अडकू शकतो, म्हणून बसल्यावर तो गुडघ्याच्या आत सारून घ्यावा किंवा चालवण्यासाठी घोट्याच्या वर राहील असा शिवून घ्यावा. नकाब असेल तर तो असा बांधावा की डाव्या-उजव्या कडेचे दिसणे झाकले जाणार नाही. दुपट्ट्याचे टोक दाराबाहेर लोंबकळता कामा नये. उंच टाचेची किंवा मागे पट्टा नसलेली चप्पल नको. पातळ तळाचा बूट किंवा पट्ट्याची सँडल असली की क्लचचा अंदाज नीट येतो.

कायदा आणि अमानत

आधी लर्निंग लायसन्स काढावे. वय अठरा पूर्ण हवे. ते सहा महिने चालते आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. तोपर्यंत गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावायचा आणि शेजारी लायसन्स असलेला माणूस बसलेलाच हवा. गाडीचा विमा चालू आहे ना, हे कव्हर काढण्याआधी बघावे. वर्षभर उभ्या असलेल्या गाडीचा विमा संपून गेल्याचे कोणाच्या लक्षातही आलेले नसते.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती चावी देणे हा लाड फार महाग पडतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. पण कायद्याच्या आधी रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाचा जीव आहे. तो आपल्या हातातली अमानत आहे. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण सीटबेल्ट बांधताना आठवावी.

रमजानमध्ये विशेष जपावे. इफ्तारच्या आधीचा अर्धा तास रस्त्यावर सगळ्यांनाच घाई असते. उपाशी पोटी, अपुऱ्या झोपेने लक्ष लागत नाही. गाडीत खजूर आणि पाणी ठेवावे. रस्त्यात अजान झाली तर गाडी बाजूला घेऊन रोजा सोडावा, मग पुढे जावे. मधुमेह असलेल्या चालकाला चक्कर किंवा थरथर जाणवली तर त्याने तिथेच थांबावे.

हात बसल्यावर

पंधरा दिवस, महिना गेला की एक दिवस असा येतो, की बाजारातून घरी पोहोचल्यावर लक्षात येते, आज आपण क्लचचा विचारच केला नाही. पाय आपले काम करत होता, कान गाडीकडे होता, डोळे रस्त्यावर. तेव्हापासून मजा सुरू होते. चढ समोर दिसताच आधीच तिसरा घेतलेला असतो आणि गाडी दम न लागता वर जाते. मागे बसलेल्या अम्मीला गिअर कधी बदलला ते कळत नाही, त्यांच्या हातातला चहाचा थर्मास हलत नाही. घरी आल्यावर त्या म्हणतात, ‘तुझ्या गाडीत मळमळले नाही हो.’ चालवणाऱ्याला याहून मोठे प्रमाणपत्र आरटीओही देत नाही.

सवारीवर बसताना जी दुआ आपण म्हणतो, तिचा आशय असा आहे की ही सवारी आमच्या ताब्यात दिली गेली, आमच्या स्वतःच्या बळावर ती आवरली नसती, आणि शेवटी परतायचे आपल्या रबकडेच आहे. गाडीत बसलेल्या लहान मुलांनाही ती मोठ्याने म्हणायला शिकवावी. चालवणाऱ्याच्या मनाला त्याने स्थिरता येते.

पुढच्या सुट्टीवर येणाऱ्या भावांना एक विनंती. परत जाण्याच्या आदल्या रात्री बॅगा भरताना चावी कपाटात ठेवून देऊ नका. आल्या दिवसापासून फजरनंतरचा अर्धा तास बहिणीला, बायकोला, अब्बांना द्या. सुट्टीच्या महिन्याभरात तेवढ्याने त्यांचे लायसन्सच्या परीक्षेपुरते शिकून होते. मग तुम्ही विमानतळाकडे निघाल तेव्हा भाड्याची गाडी लागणार नाही. घरच्या गाडीतून, घरच्याच माणसाच्या शेजारी बसून जाल, इन्शाअल्लाह.